उस्तादांचा हलता सूर

आमच्या डेपोच्या बँडमध्ये सूर हलवायचा असेल तर उस्तादांची परवानगी लागायची. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लागायची. कोणी लांब सूर धरला आणि धरल्या धरल्या तो थरथरवायला लागला, की उस्ताद वाजवायचे थांबायचे, ट्रम्पेट मांडीवर आडवं ठेवायचे आणि मागे वळूनही न बघता विचारायचे, "बकरी कोणी आणली?" सगळे खो-खो हसायचे. ज्याची बकरी असायची तो तेवढा माउथपीस पुसत बसायचा.

उस्ताद हे वर्कशॉपमधलं नाव. दिवसभर ते बसचे पोचे काढायचे. खांबाला घासून आलेली, दुसऱ्या बसने पाठीत घातलेली, कसलीही बस आली की आतल्या बाजूला बसून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत पत्रा पुन्हा होता तसा करायचे. माझे ते भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्याच डेपोत स्टोअर्सला आहे. जाळीच्या खिडकीमागे बसून लोकांना बेअरिंग, बल्ब आणि नकार देते. सगळे मला स्टोअरबाई म्हणतात. आणि बँडमध्ये मी ट्युबा वाजवते.

ट्युबा मी मागितला नव्हता. तो उचलायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा बँडमास्तर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुम्हाला झेपेल." त्या बघण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. बँडमास्तर एरवी वाहतूक नियंत्रक. दिवसभर माइकवर कुठली बस कुठे लागली ते ओरडून ओरडून संध्याकाळपर्यंत त्यांचा घसा बसलेला असायचा, त्यामुळे बँड ते निम्मा हातांनी आणि निम्मा भुवयांनी चालवायचे. प्रॅक्टिस टायरच्या खोलीत. चहूबाजूंनी टायरांच्या थप्प्या, मध्ये आमच्या खुर्च्या, आणि रबराचा असा वास की घरी जाऊन अंघोळ केली तरी उशीला यायचा. दिवसपाळी संपवून आलेली माणसं, कोणाची पाठ गेलेली, कोणाचे पाय सुजलेले. फुंकायला सुरुवात करायचीच जिवावर यायचं.

सूर हलवणं म्हणजे काय, ते न वाजवणाऱ्यांसाठी सांगते. ट्रम्पेटचा लांब सूर नुसता सरळ वाजला की तो ताठ उभा असतो. त्याला किंचित कंप दिला की तो जिवंत वाटतो, माणसाच्या आवाजासारखा. कोणी हा कंप कळांवरचा हात हलवून आणतं, कोणी श्वासाने, कोणी जबड्याने. भाऊजी जबड्याने आणायचे, आणि तोही इतका थोडा की शेजारच्याला हनुवटी हललेली दिसायची नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "सूर आधी उभा राहू द्या. त्याला त्याची जागा सापडू द्या. मग अगदी शेवटी, सोडायच्या आधी, जरासा हलवा. निरोप घेताना माणूस हात हलवतो ना, तेवढाच. घरात शिरल्यापासून हात हलवत बसलात तर लोक म्हणतील, हा आला कशाला?"

मूड असला तर पुढचंही सांगायचे. "ज्याला सूर सापडत नाही तो हलवतो. हलवला की तो नक्की कुठे आहे ते कोणाला कळतच नाही. पत्रा वाकडा असला की रंगाचा जाड हात मारतात, तसं."

यावर रंगारी हटकून चिडायचा. तो डेपोत बस रंगवायचा आणि बँडमध्ये शेवटच्या रांगेत तिसरं ट्रम्पेट वाजवायचा. "पोचे तुमचे राहतात म्हणून जाड हात मारावा लागतो," म्हणायचा. ही जुगलबंदी ठरलेली. आम्ही तेवढ्या वेळात पाणी पिऊन घ्यायचो.

बँडला वाटायचं ही सगळी शिस्त भाऊजींची. अर्धी माझ्या ताईची होती, हे मला माहीत होतं. ताई काहीच वाजवायची नाही, पण तिचे कान फार तिखट. भाऊजी मागच्या खोलीत ट्रम्पेटच्या तोंडात जुना टॉवेल कोंबून सराव करायचे आणि ही स्वयंपाकघरात भांडी घासायची. नळ चालू, भांड्यांचा आवाज, मधे दोन बंद दारं, तरी ओरडायची, "आज फार गोड झालं हो!" की भाऊजी तीच ओळ पुन्हा वाजवायचे, साखर काढून. मी त्यांच्याकडे गेले की हे चाललेलं असायचं. नवराबायको एकमेकांशी दुसरं काय बोलायची मला माहीत नाही. मला तरी दुसरं फारसं ऐकू आलं नाही.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही सार्वजनिक बागेत वाजवायचो. सगळ्यात शेवटी एक संथ धून असायची. तिच्यात एकेक वाद्य गप्प होत जातं. शेवटून दुसरा माझा ट्युबा. मी थांबले की एकटं पहिलं ट्रम्पेट, म्हणजे भाऊजींचं, उरतं आणि एकच लांब सूर धरतं, दम पुरेल तोपर्यंत. ताई त्या सुरासाठी बागेत यायची. आधीचं सगळं तिला चालून जायचं. बाकावर कोणाशी तरी बोलत बसायची, आणि मी ट्युबा तोंडावरून काढला की शेजारच्या बाईच्या हातावर हात ठेवून तिला गप्प करायची.

मग ताई आजारी पडली. आजार लांबला. भाऊजी वर्कशॉप, दवाखाना आणि घर असे चकरा मारत राहिले. आधी बसने, पुढे पुढे पायी, कारण बसची वाट बघत उभं राहवत नाही म्हणायचे. आयुष्य बसच्या डेपोत काढलेला माणूस! मी दुपारची जायचे. त्या काळात कोणी काही विचारलं तरी मला राग यायचा आणि नाही विचारलं तरी यायचा. एवढंच मला त्या दिवसांचं नीट आठवतं.

एका दुपारी आम्ही तिघंच होतो. खिडकीला हिरवा पडदा होता, खाली कोणीतरी स्ट्रेचर ढकलत होतं, त्याचं चाक कुरकुरत होतं. ताई भाऊजींना म्हणाली, "मी गेले की बागेत ती शेवटची धून वाजवाल. नाही म्हणू नका, मी ओळखते तुम्हाला."

"काय बोलतेस."

"ऐका तर. तेव्हा तो सूर हलवू नका. शेवटीसुद्धा नाही. लोक आधीच डोळे पुसत असतील, त्यात तुम्ही आणखी पाणी घालू नका. मला तो सरळ हवा."

"बरं."

"बरं नको. शब्द द्या."

"दिला."

ताई माझ्याकडे वळली. "तू ऐकलंस ना? हे पुढे वेडेपणा करतील, तर तू बघ." मी मान हलवली. त्यावेळी कशालाही मान हलवली असती.

ताई गेली. भाऊजींनी थोडी रजा घेतली, मग कामावर आले. पुढच्याच रविवारी आम्ही बागेत होतो. बँडमास्तर म्हणाले होते, या वेळी नाही आलात तरी चालेल. भाऊजी म्हणाले, येतो. धून सुरू झाली, एकेक जण थांबत गेला, मी थांबले, आणि भाऊजींनी तो सूर घेतला. पहिल्या क्षणापासून तो हलत होता. आणि थोडाथोडका नाही, चांगला दणदणीत हलत होता. दुसऱ्या कोणी असा वाजवला असता तर टायरच्या खोलीत त्याचं जगणं मुश्कील झालं असतं. मी त्यांच्याकडे बघितलं. मान खाली, डोळे मिटलेले, हनुवटी उघड उघड चाललेली. मला शब्द आठवला, पण जाब कसला विचारायचा? ट्युबाच्या आड तोंड लपवून मी रडले. ट्युबाचा हा एक फायदा आहे. त्याच्यामागे बसलेल्याचं तोंड कोणाला दिसत नाही.

संपल्यावर कोणी बकरीचं नाव काढलं नाही. बँडमास्तरांनी येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रंगाऱ्याने त्यांची खुर्ची घडी करून दिली. भाऊजी कोणाकडे न बघता ट्रम्पेट पेटीत ठेवत होते.

पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्याही. मग आणखी एक गोष्ट झाली. ट्रम्पेटच्या रांगेचा असा दंडक असतो की पहिल्या खुर्चीचा कंप जसा, तसाच बाकीच्यांनी ठेवायचा. नाहीतर एकाच सुराच्या दहा दिशा होतात. भाऊजींच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर चिमणी बसायची. ती बसवरची कंडक्टर. आवाज बारीक म्हणून चिमणी, पण फुप्फुसं बैलाची. भाऊजींनीच तिला माउथपीस धरण्यापासून शिकवलेलं. ती त्यांच्यासारखं हलवू लागली. तिचं ऐकून रंगाऱ्याची शेवटची रांग. ट्रॉम्बोनवाले तर वाटच बघत होते, त्यांची नळी हलवायला सोपी. काही आठवड्यांत सगळा बँड थरथरायला लागला. मीही लागले. ट्युबाने कंप देणं म्हणजे रिकाम्या बसच्या खिडक्या खडखडल्यासारखं वाटतं. तरीही मी देत होते, आणि देताना ताईचा चेहरा डोळ्यांसमोर आणत होते. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की उस्ताद वाजवताना रडतात आणि आपण त्यांना साथ देतोय.

बागेतल्या लोकांना तर फारच आवडलं. बागेचा रखवालदार एकदा मुद्दाम येऊन भाऊजींना म्हणाला, "पूर्वी तुमचं कोरडं वाटायचं. आता कसं काळजाला भिडतं." भाऊजींनी मान डोलावली आणि कितीतरी वेळ माउथपीस पुसत राहिले. आमची भिडस्त मंडळी बाजूला उभी राहून सुस्कारे टाकत होती. सुस्कारे टाकण्यात आमचा डेपो पहिला येईल.

ते वर्ष सगळं असंच दमलेलं गेलं. भाऊजी वाळले. डब्यात काही दिलं तर परत यायचं. चहात पाव बुडवून खायचे, तोही नुसता गिळायचे. हसणं तर राहोच, बोलताना तोंडापुढे हात धरायला लागले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीला पहिलं ट्रम्पेट एक साधा सूर देतं आणि त्यावर सगळे आपली वाद्यं मिळवून घेतात. तो सूर मात्र सरळच लागतो. हलत्या सुरावर कोण काय मिळवणार? तर एक दिवस ते चिमणीला म्हणाले, "आजपासून तो तू देत जा." आम्ही एकमेकांकडे बघितलं. माणूस हळूहळू सगळ्यातून मन काढून घेतोय, असं मी घरी जाऊन माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "वेळ द्या." हे सगळेच म्हणतात, कारण त्याला काही खर्च येत नाही.

वर्ष भरत आलं. बँडमास्तरांनी जाहीर केलं की येणारा रविवार ताईच्या आठवणीचा, आणि शेवटची धून तिच्यासाठी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वर्कशॉपमध्ये गेले. भाऊजी एका बसमध्ये मागच्या बाकाखाली बसून पत्रा ठोकत होते. मी पायरीवर उभी राहिले.

"भाऊजी, तुम्हाला आठवतंय ना, ताई काय म्हणाली होती?"

"आठवतंय."

"वर्षभर मी काही बोलले नाही. माणसाला आवरत नाही कधी कधी, मला कळतं. पण या रविवारी तो सूर सरळ वाजवा. एकदाच. तिला शब्द दिलाय तुम्ही."

त्यांनी हातोडी पत्र्यावर टेकवून ठेवली. "चिमणीला सांगतो. ती वाजवेल."

"चिमणीने नव्हता दिला शब्द!" मी जरा जोरातच बोलले. दोन फिटर माना वर करून बघायला लागले.

"मला नाही जमणार," ते म्हणाले, आणि पुन्हा ठोकायला लागले. आतून ठोकत असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, बोललेलं काही ऐकूच जात नाही. मी डबा न खाता खिडकीत जाऊन बसले आणि त्या दुपारी आलेल्या प्रत्येकाला नाही म्हटलं, माल असतानाही.

संध्याकाळी प्रॅक्टिस. शेवटची धून घेतली. मी थांबले. एकट्या ट्रम्पेटची वेळ आली तेव्हा भाऊजींनी आपलं ट्रम्पेट खाली घेतलं आणि चिमणीला म्हणाले, "रविवारी हा तू घ्यायचास. आत्ता घेऊन दाखव. सरळ. अजिबात हलवायचा नाही."

चिमणीने घेतला. सूर सरळ निघाला, क्षणभर राहिला, आणि मग तिची हनुवटी आपसूक चालू झाली. वर्षभराची सवय कुठे जाते?

"पुन्हा."

तिने पुन्हा घेतला. पुन्हा तेच.

"पोरी, सरळ म्हणजे सरळ."

चिमणीने ट्रम्पेट खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते. "उस्ताद, मला नाही येत आता तसं. आणि खरं सांगू? मला करायचंही नाही. काकू गेल्यापासून तुम्ही जे वाजवता ना, तेच मी वाजवणार. आम्ही सगळ्यांनी तुमच्याकडूनच घेतलंय ते. आता ते सरळ केलं तर काकूंना विसरल्यासारखं होईल."

बँडमास्तरांनी चष्मा काढला. रंगारी छताकडे बघायला लागला. मीही रुमाल शोधायला लागले, दुपारचा राग असूनसुद्धा.

भाऊजींनी दोन बोटं तोंडात घातली, वरच्या हिरडीपाशी काहीतरी सैल केलं आणि बाहेर काढलं. गुलाबी रंगाची छोटी कवळी होती, पुढचे दोन दात असलेली. ती त्यांनी समोरच्या स्टँडवर, धुनेच्या कागदावर ठेवली.

"हे हलतंय," ते म्हणाले. दात नसल्यामुळे शब्द फसफसला, म्हणून पुन्हा म्हणाले, "काकू नाही. हे."

कोणाला काहीच कळेना. मग त्यांनी सांगितलं. ताईच्या आजारपणात त्यांच्या हिरड्या सुजल्या होत्या. डॉक्टरने लगेच या म्हटलं होतं, पण आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलं. ती गेली त्याच आठवड्यात पुढचे दोन दात काढावे लागले आणि ही कवळी बसवली. ट्रम्पेटचा सगळा भार नेमका पुढच्या दातांवर येतो. माउथपीस टेकला की कवळी सरकते, आणि कवळी सरकली की सूर डुगडुगतो. तो डुगडुगतोय हे कळू नये म्हणून ते वरून जबडा हलवायचे.

"म्हणजे उस्ताद, पत्रा वाकडा होता म्हणून रंगाचा जाड हात मारलात," रंगारी म्हणाला. त्याला हसू आलं, आणि मग आपण हसलो याचीच लाज वाटून तो खोकायला लागला.

"हो. मीच आणली ती बकरी," भाऊजी म्हणाले.

मी ट्युबा खाली ठेवला. एवढं जड वाद्य रागाने आपटता येत नाही, सांभाळून, वाकून ठेवावं लागतं. त्याचाही राग आला. मी बाहेर जाऊन बस धुतात त्या उतारावर उभी राहिले. पाण्याचा पाइप गळत होता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: वर्षभर मी रडले ती दोन दातांसाठी. माझ्या बहिणीच्या नावावर या माणसाने कवळी लपवली.

भाऊजी मागून आले. कवळी पुन्हा बसवली होती.

"पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"सांगणार होतो. पण संपल्यावर बघतो तर तुम्ही सगळे रडताय. बँडमास्तर खांद्यावर हात ठेवतायत. तेव्हा कसं सांगू, की अहो, दात सरकला?"

"मग दुसऱ्या दिवशी सांगायचं!"

"दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं तर पहिली खुर्ची सोडावी लागली असती." ते चपलेने उतारावरचं पाणी बाजूला सारत राहिले. "घरात आता कोणी ऐकत नाही. वाटलं, निदान ती खुर्ची तरी राहू दे."

माझा राग यावर खाली बसायला हवा होता. नाही बसला. मी म्हटलं, "आम्ही सगळे तिच्यासाठी रडत होतो, भाऊजी. तुमच्याकडे बघून रडत होतो. आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही रडलात का कधी? तिच्यासाठी?"

त्यांनी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "नाही गं," ते म्हणाले. "फुरसतच नाही मिळाली. सगळं लक्ष या जबड्यात."

मला त्यांना दोन शब्द सुनावायचे होते, ते कुठल्या कुठे गेले. आम्ही दोघं त्या ओल्या उतारावर उभे राहिलो, आणि शेवटी मीच पाइपचा नळ घट्ट केला, कारण तो आवाज सहन होईना.

बँडमास्तर चांगला माणूस. त्यांनी सुचवलं की उस्तादांनी पहिल्या खुर्चीवरच बसावं, अवघड सूर चिमणीने घ्यावेत. भाऊजींनी ऐकलं नाही. आपली खुर्ची उचलून ते मागे रंगाऱ्याशेजारी जाऊन बसले. तिसऱ्या ट्रम्पेटला खालचे, सोपे सूर असतात, तिथे कवळी तग धरते. मग रविवारपर्यंत रोज संध्याकाळी त्यांनी चिमणीला शिकवलं. वाजवून दाखवता येत नव्हतं म्हणून समोर हात आडवा धरायचे, टेबलासारखा सपाट, आणि तिच्या सुराबरोबर तो पुढे न्यायचे. सूर हलला की हात मुठीत. चिमणी ड्युटी संपवून गळ्यात तिकिटांची पिशवी तशीच घेऊन यायची, पाय बदलत उभी राहायची, वैतागायची. "तुमचं खोटं होतं ते सोपं होतं, उस्ताद," एकदा म्हणाली. भाऊजी म्हणाले, "खोटंच होतं ते. आता दम वाया घालवू नकोस, घे."

बाकीच्यांनाही आपापली थरथर काढायची होती. कोणी आनंदाने काढली नाही. ट्रॉम्बोनवाले कुरकुरले, लोकांना आवडत होतं म्हणाले. मला तर ताईचं काहीतरी दुसऱ्यांदा हातातून सुटतंय असं वाटत होतं. सरळ वाजवलं की खोली किती रिकामी वाटते, हे मी विसरले होते.

रविवारी बागेत नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ऊन उतरलेलं, मुलं घसरगुंडीवर, रखवालदार आमच्यासाठी फाटक धरून उभा. आधीच्या धुना झाल्या. मग शेवटची. एकेक वाद्य गप्प झालं. मी माझा सूर सोडला आणि चिमणीने तिचा उचलला.

सरळ होता. उघडा, साधा, ताठ सूर. त्यात काही लपवायला जागाच नव्हती. तो तसाच चालत राहिला आणि मला प्रत्येक क्षणी वाटत होतं, आता हलेल, आता शेवटी तरी हलेल. चिमणीने शेवटीसुद्धा नाही हलवला. ज्या बाकावर ताई बसायची तिथे एक अनोळखी जोडपं बसलं होतं. ते बोलता बोलता गप्प झालं.

माझे डोळे कोरडे होते. मी मागे वळून बघितलं. भाऊजींनी ट्रम्पेट मांडीवर ठेवलं होतं. तोंड किंचित उघडं, आणि सगळा माणूस गदगदत होता. खांदे, हनुवटी, गुडघ्यांवरचे हात, काही म्हणून जागेवर नव्हतं. आवरायचा प्रयत्नही करत नव्हते. आवरायला आता काही हातात नव्हतं, सूर दुसऱ्याच्या ताब्यात होता.

टाळ्या सुरू झाल्या. रंगारी त्यांच्याकडे झुकला आणि काळजीने, हळू आवाजात म्हणाला, "काय झालं उस्ताद? दात दुखतोय का?"

भाऊजींनी त्याच्याकडे बघितलं.

"हो रे," ते म्हणाले. "फार दुखतोय."